तीनशे पावलांची होडी : एका खरेदीचा प्रकरण अभ्यास

“दादा, होडी घ्यायची म्हणतोय. स्वस्तातली एखादी सुचव.”

मामेभावाचा फोन आला तेव्हा त्याने दोन जाहिराती आधीच काढून ठेवल्या होत्या. एक हवा भरायची होडी, दुसरी बारा फुटी ॲल्युमिनियमची. दोन्ही त्याच्या खिशात बसणाऱ्या. दोन्ही त्याला उपयोगाच्या नाहीत असं मला त्या क्षणी नुसतं वाटलं होतं. पुढचे पाच आठवडे आम्ही मोजमापं घेतली, होड्या पाहिल्या, एक नाकारली, एक घेतली. त्या पाच आठवड्यांची आणि त्यानंतरच्या पहिल्या हंगामाची ही सगळी हकीकत. गोड्या पाण्यात गळ टाकणाऱ्या कोणालाही पहिली होडी घेताना ती कामी यावी म्हणून आकड्यांसकट लिहितोय. किमती मात्र मुद्दाम टाळल्या आहेत. त्या जागेगणिक बदलतात, म्हणून खर्च शंभर भागांत सांगेन.

आधी माणूस. वय 41, वजन 88 किलो, उंची पाच फूट दहा इंच. दहा वर्षं काठावरून गळ टाकतोय. पोहायला येतं. दोन वर्षांपूर्वी कंबर धरली, तेव्हापासून पाय लांब करून जमिनीवर अर्ध्या तासापेक्षा जास्त बसवत नाही. जातो बहुतेक एकटाच, सुट्टीच्या दिवशी पहाटे. गाडी छोटी हॅचबॅक, टपावर काहीच नाही. होडी ठेवायला पार्किंगमध्ये भिंतीलगत 11 फूट मोकळे, त्यापुढे खांब.

मग पाणी. जलाशय साधारण 2.4 किलोमीटर लांब, मध्यभागी सहाशे मीटर रुंद. वरच्या टोकाला फुगवट्यात गुडघाभर-कमरेइतकं पाणी, शेवाळ आणि पाणवनस्पती, मध्येमध्ये बुडालेल्या झाडांची खोडं. मासा तिथेच असतो, आणि काठावरून गळ तिथवर पोचत नाही. होडीची गरज निघाली ती यातून. सकाळी पाणी आरशासारखं, दहा-साडेदहानंतर वारा उठतो. पिण्याच्या पाण्याच्या अनेक जलाशयांवर पेट्रोल इंजिनाला मनाई असते, तशी इथेही होती. होडी उतरवायची परवानगी त्याने फोन करण्याआधीच काढली होती, हे मला फार आवडलं. पुष्कळ लोक होडी आणतात आणि मग चौकशी करतात.

पहिला दिवस काठावर

जाहिराती बाजूला ठेवून मी त्याला म्हटलं, आधी काठावर जाऊ. गाडी जिथवर जाते तिथून पाण्यापर्यंतची पावलं मोजली. 140 भरली. ही जलाशय भरलेला असतानाची. काठावरच्या जुन्या पाणरेषा बघता उन्हाळ्यात हा आकडा तीनशेच्या वर जाणार होता, आणि त्यातली शेवटची पन्नासेक पावलं चिखलातली.

मी माझी कयाक नेली होती, म्हणजे दुहेरी पात्याच्या वल्ह्याने चालवायची अरुंद, लांबट होडी, 31 किलोची. दोघांनी उचलली तर काहीच वाटत नाही. मग मी त्याला म्हटलं, तू एकट्याने ने. एका बाजूची मूठ धरून, कमरेला टेकवून तो निघाला. साठाव्या पावलावर हात बदलला. नव्वदाव्या पावलावर त्याने ती खाली ठेवली आणि दोन्ही हात कमरेवर ठेवून उभा राहिला. काही बोलला नाही. मग तीच कयाक दोन चाकांच्या ट्रॉलीवर बांधून दिली. एका हातात दोरी, दुसऱ्या हातात रॉड, गप्पा मारत पाण्यापर्यंत पोचला.

होडीची निवड खरं तर त्या नव्वदाव्या पावलावर झाली. पाण्यावर कोणती होडी सरस ठरते यावर लोक तासन्‌तास बोलतात, मीही बोलतो. पण परवडणारी होडी म्हणजे जी एकट्याने, दमलेल्या अंगाने, परतीच्या वाटेवरही ओढता येते ती. माझ्याकडे एके काळी बारा फुटी ॲल्युमिनियमची होडी होती. पाण्यात फार गुणाची. पण ती उतरवायला दोन माणसं लागायची, म्हणजे दोन माणसांच्या सुट्ट्या जुळाव्या लागायच्या. वर्षभरात चार वेळा पाणी लागलं तिला. तिची किंमत चाराने भागली तेव्हा मला वाईट वाटलं, आणि ती विकली. ज्याने घेतली त्याच्या जोडीला मुलगा आहे. ते दोघं दर आठवड्याला जातात.

काय काय नाकारलं आणि का

आधी हवा भरायची होडी, कारण सगळ्यात स्वस्त तीच दिसते. जाहिरातीतली पातळ व्हिनाइलची होती, आत कापडाचा आधार नसलेली. तिला काठावरचा काटा पुरतो, हातातून निसटलेला गळ पुरतो. चांगल्या फुगवण्याच्या होड्या पॉलिएस्टर कापडावर चढवलेल्या पीव्हीसीच्या असतात, जाडी 0.7 ते 0.9 मिलिमीटर किंवा त्याहून जास्त. त्या दमदार असतात, पण पातळ व्हिनाइलच्या किमतीत मिळत नाहीत. दुसरी अडचण वाऱ्याची. फुगलेली होडी पाण्यात जेमतेम बुडते आणि वर फुगा उभा राहतो, त्यामुळे वारा तिला पानासारखी ढकलतो. तिसरी अडचण घरी आल्यावरची : ओली घडी घातली तर बुरशी धरते, म्हणजे दर वेळी पसरून वाळवणं आलं. पार्किंगमधली ती 11 फूट जागा नसती, तर मी त्याला जाड पीव्हीसीचीच होडी सुचवली असती. जागा होती, म्हणून नाही.

फ्लोट ट्यूबचा, म्हणजे मध्ये बसायच्या हवा भरलेल्या कड्याचा, विचार त्याने स्वतःच केला होता. ती वजनाला हलकी, पाठीवर अडकवून नेता येते, पायात फिन घालून कमरेइतकं पाण्यात बसायचं आणि पाय मारत फिरायचं. छोट्या, शांत तळ्याला उत्तम. पण इथे पाय शेवाळात अडकणार, आणि वारा उठल्यावर तिच्या वेगाने दोन किलोमीटर परत येणं म्हणजे वेळेवर घरी न पोचणं.

कनू, म्हणजे वरून उघडी, लांबट होडी, मी फार वेळ चर्चेत ठेवली नाही. दोघांसाठी सुंदर, एकट्या माणसाला वाऱ्यात तिचं उंच नाक आवरत नाही.

जॉन बोटीबद्दल मात्र मन द्विधा होतं. सपाट तळाची, चौकोनी नाकाची ही ॲल्युमिनियमची होडी उथळ पाण्यासाठीच जन्मलेली. तिच्या नावातला आकडा माप सांगतो : 1032 म्हणजे 10 फूट लांब, तळाची रुंदी 32 इंच. या मापाच्या हलक्या होडीचं वजन 45 किलोच्या आसपास. तळाचं पाण्याला टेकणारं क्षेत्रफळ सव्वादोन चौरस मीटर धरा. मग दर साडेबावीस किलोला ती एक सेंटीमीटर खाली जाते. होडी, माणूस आणि सामान मिळून 160 किलो झाले तरी जेमतेम सात सेंटीमीटर पाणी पुरतं. तिच्यात उभं राहून गळ टाकता येतो, खुर्ची ठेवता येते, कंबरेला सुख. भावाचे डोळे हे ऐकून चमकले.

पण 45 किलो एकट्याने टपावर चढवणं त्याच्या कंबरेला झेपणारं नव्हतं. मग ट्रेलर आला, ट्रेलरला जागा आली. वल्ह्यांवर ती संथ चालते, म्हणून इलेक्ट्रिक मोटर आली. तीस पौंड थ्रस्टची, म्हणजे ढकलण्याच्या जोराची, मोटर पूर्ण वेगात साधारण तीस अँपिअर ओढते. शंभर अँपिअर-तासांची शिशाची बॅटरी निम्म्यापेक्षा जास्त उतरवू नये, म्हणजे हाताशी पन्नास. पूर्ण वेगात दीड-पावणेदोन तास. ती बॅटरी पंचवीस ते तीस किलोची. लिथियम आयर्न फॉस्फेटची निम्म्याहून हलकी, पण शिशाच्या बॅटरीहून महाग. स्वस्त होडीच्या मागे एकेक वस्तू अशी रांग लावून उभी राहिली. आम्ही ती वही बंद केली.

राहिली कयाक. तिच्यात दोन घराणी. एकीत पाय आत घालून बसायचं, दुसरीत वर बसायचं. आत बसायची कयाक उलटली की शंभर-दीडशे लिटर पाणी पोटात घेते. ते पाण्यावर असताना उपसून काढणं एकट्याला फार अवघड जातं. एकट्याने मासेमारी करणाऱ्याला मी ती सुचवत नाही. वर बसायची, म्हणजे सिट-ऑन-टॉप, ही बंद पोकळ होडी असते. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियात टिम निमियर यांनी सर्फबोर्ड खरवडून बसायची जागा केली, तिथून ही जात रुळली. वर आलेलं पाणी तळाच्या आरपार भोकांतून, स्कपर होलमधून, आपोआप निघून जातं. पडलात तर पुन्हा चढून बसता येतं. आणि चौकटीवर उंच बसवलेली कापडी खुर्ची मिळाली, तर भावाच्या कंबरेचा प्रश्नही सुटत होता.

पायडलवाल्या कयाकचं आकर्षण मोठं असतं, हात मोकळे राहतात. पण ते यंत्र जड, महाग, आणि फुगवट्यातल्या शेवाळात पाती गुंडाळली जातात. नको म्हटलं.

रुंदी आणि वजनाची बेरीज

इथे थोडं थांबतो, कारण लोक नेमकं इथेच चुकतात.

होडी बाजूला कलली की तिला परत सरळ करणारा जोर पाणरेषेवरच्या रुंदीच्या घनाप्रमाणे वाढतो. 28 इंचांची कयाक आणि 32 इंचांची कयाक यांत फरक चारच इंचांचा, पण 32 भागिले 28 चा घन काढला तर जवळपास दीड येतो. म्हणजे त्याच लांबीची, त्याच घडणीची होडी सुरुवातीच्या डगमगण्याला दीडपट जास्त विरोध करते. याची किंमत वेगात मोजावी लागते; रुंद होडी जास्त पाणी ढकलते. आणि उंच खुर्चीत बसलं की शरीराचा भार वर सरकतो, स्थैर्याचा काही हिस्सा परत जातो. भावाला खुर्ची उंच हवीच होती, म्हणून 32 इंचांखाली जायचं नाही असं ठरवलं.

दुसरी गोष्ट, कंपनीने लिहिलेली भारक्षमता. 150 किलो लिहिलं म्हणजे 150 किलो घालून मासेमारी करता येते असं नाही. त्या आकड्याला होडी तरंगते, पण वल्हं मारताना मागचा भाग बसतो, स्कपरमधून पाणी खुर्चीखाली येतं, वळण जड होतं. मी लिहिलेल्या आकड्याच्या सत्तर टक्क्यांवर थांबतो. 150 ची असेल तर 105.

भावाला म्हटलं, तुला न्यायचंय ते सगळं वजनकाट्यावर ठेव. स्वतः 88. लाइफ जॅकेट आणि कपडे 2. बर्फासकट कूलर 12. आमिषांचे तीन डबे 6. चार रॉड, रिळांसकट 3. नांगर आणि साखळी 5. पाणी 4. हत्यारं आणि किडुकमिडुक 3. फिश फाइंडर, म्हणजे पाण्याखालचे मासे दाखवणारं यंत्र, आणि त्याची बॅटरी अडीच. बेरीज 125.5. म्हणजे 84 टक्के, तीही एकही मासा न धरता.

त्या संध्याकाळी आम्ही स्वयंपाकघरातल्या टेबलावर सगळं पसरलं. कूलरच्या जागी जाड अस्तराची पिशवी, 3 किलो. तीन डब्यांतलं आमिष निवडून एका डब्यात आणलं, 2. चारातले दोन रॉड ठेवले, दीड. नांगर घडी होणारा छोटा, दीड. पाणी 3. बंद पिशवीत सुरी, पक्कड, दोरी मिळून 1. फिश फाइंडर पहिल्या हंगामापुरता बाद. नवी बेरीज 102 किलो, 68 टक्के. तिसऱ्या डब्यावर त्याचा फार जीव होता. त्यातली दोन आमिषं त्याने खिशात टाकलेली मी पाहिली, आणि काही बोललो नाही.

जुन्या मालाची तपासणी

नवी घ्यायची तर हाताशी असलेल्या रकमेत अठ्ठावीस इंचांची, पातळ खुर्चीची कयाक येत होती. जुन्यांत रुंद आणि चांगल्या खुर्चीची मिळण्याची शक्यता होती. रोटोमोल्ड पॉलिएथिलिनच्या होड्या जुन्या घ्यायला मला भीती वाटत नाही. साच्यात प्लॅस्टिकची पूड घालून, तो भट्टीत फिरवत एकसंध कवच तयार करतात. सांधा नाही, रिव्हेट नाही, कुजणारं लाकूड नाही. शत्रू दोनच : ऊन आणि फरफटत नेणं.

पहिली कयाक पाहिली ती चकचकीत होती. इतकी की हात फिरवला तर काहीतरी लावून पुसल्याचं कळत होतं. विकणाऱ्याने सांगितलं, दोन-तीनदाच वापरली. आम्ही ती उलटी केली. मागच्या टोकाला, जिथे होडी फरफटते तिथे, कण्याची, म्हणजे तळाच्या मधल्या उंचवट्याची, कड घासून सपाट झाली होती आणि अंगठ्याने दाबली तर आत जात होती. दोन-तीनदा वापरलेल्या होडीचं हे अंग नव्हे. मग भाऊ झाकण उघडून मोबाइलचा टॉर्च आत धरून बसला आणि मी बाहेरून बघत गेलो. खुर्चीखालच्या डाव्या स्कपर होलच्या कडेला केसाएवढी प्रकाशाची रेघ दिसली. बाहेरून तिथे रंगाला जुळणारं लुकण भरलेलं होतं. नखाने उचकटलं तर पापुद्रा निघून आला.

पॉलिएथिलिनला बहुतेक कोणतंही लुकण किंवा गोंद धरत नाही, त्याच प्लॅस्टिकच्या पट्टीने उष्णता देऊन वेल्डिंग करावं लागतं. साध्या पॉलिएथिलिनला ते जमतं, क्रॉसलिंक केलेल्याला, म्हणजे पुन्हा वितळत नाही अशा प्रकाराला, नाही. पण खुर्चीखालचं स्कपर म्हणजे नेमकी भार पडायची जागा. तिथलं वेल्डिंग मी एकट्या माणसाच्या होडीत विश्वासाने स्वीकारणार नाही. विकणाऱ्याशी वाद घातला नाही. आभार मानून निघालो. गाडीत भाऊ बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, “मी एकटा आलो असतो तर घेतली असती.”

दुसरी मिळायला तीन आठवडे गेले. ही दिसायला फिकी, उन्हाने रंग उडालेली, अंगावर ओरखडेच ओरखडे. 10 फूट लांब, 32 इंच रुंद, क्षमता 150 किलो, उंच चौकटीची खुर्ची. ओरखड्यांवर नख फिरवलं. नख अडकत नव्हतं, म्हणजे वरवरचे. तळाला एक मोठा पोचा होता. तो पट्टा फार आवळून ठेवल्याने पडतो, आणि उन्हात किंवा गरम पाण्याने बराचसा परत येतो. टॉर्च लावला, कुठेही रेघ नाही. मग मालकाच्या परवानगीने दोन बादल्या पाणी होडीच्या पोटात ओतलं, प्लग लावला, आणि दोघांनी आधी पुढचं टोक, मग मागचं टोक उचलून पाणी इकडून तिकडे फिरवलं. प्रत्येक स्कपरखाली, कण्याखाली हात फिरवून बघितलं. कोरडं. फक्त झाकणाचं रबर कडक झालं होतं, ते बदलणं सोपं.

वजनही केलं. आधी भाऊ काट्यावर एकटा उभा राहिला, मग होडीच्या एका टोकाला आधार देत तिचा भार काट्यावर घेतला, मग दुसऱ्या टोकाचा. कंपनीचा आकडा 27, आमचा खुर्चीसकट 29. बऱ्याच कंपन्या खुर्चीशिवाय वजन लिहितात, त्यामुळे हा फरक रास्त होता. पाचसहा किलो जास्त भरलं असतं तर आत पाणी अडकलंय का ते शोधलं असतं.

रंग उडालेला होता, म्हणून किंमतही उतरली. घेतली.

उरलेले बेचाळीस भाग

एकूण खर्च शंभर मानला तर होडीला 58 गेले. टपावरचा रॅक आणि पट्टे 12, लाइफ जॅकेट 10, वल्हं 9, ट्रॉली 7, आणि शिट्टी, सुरी, दोरी, कोरडी पिशवी, नवं रबर यांना 4. हा हिशोब मी खरेदीच्या आधी त्याला करून दाखवला होता, आणि म्हणूनच होडीसाठी साठच्या वर जायचं नाही हे पक्कं होतं. पूर्ण रक्कम होडीत घालून जॅकेट “पुढच्या महिन्यात” घेणारे लोक मी पाहिलेत. मला त्यांची काळजी वाटते. अमेरिकेच्या तटरक्षक दलाच्या अलीकडच्या वार्षिक आकडेवारीत, बोटींच्या अपघातांत बुडालेल्या दर पाचांपैकी चाराहून जास्त जणांनी जॅकेट घातलेलं नसतं.

जॅकेट आम्ही 50 न्यूटनचं घेतलं, आयएसओ 12402-5 मानकाचं. 50 न्यूटन म्हणजे पाच किलोचा उचल. माणसाचं शरीर पाण्यात जवळपास तरंगतंच, म्हणून डोकं वर ठेवायला एवढा उचल पुरतो. हे पोहता येणाऱ्यासाठी आहे. बेशुद्ध माणसाला उताणं करण्याचा भरवसा देत नाही, त्यासाठी किमान 100 न्यूटनचं लागतं. पण ते गळ्याशी जाड असतं आणि वल्हं मारताना लोक काढून ठेवतात. अंगावर राहील ते जॅकेट घ्यावं, या मताचा मी आहे. पाठीचा फोम वर खांद्यापाशीच असलेलं घेतलं, म्हणजे खुर्चीच्या पाठीला टेकता येतं.

वल्हं 240 सेंटिमीटरचं. रुंद होडी आणि उंच खुर्ची असली की आखूड वल्ह्याने बोटं होडीच्या कडेवर आपटतात. फायबरग्लासच्या दांड्याचं घेतलं. तासाभरात माणूस अडीच-तीन हजार वेळा वल्हं उचलतो, तिथे दोनशे ग्रॅमसुद्धा संध्याकाळी खांद्याला कळतात.

गाडीच्या मॅन्युअलमध्ये टपाची मर्यादा 50 किलो होती. रॅक 5 आणि होडी 29, हिशोब बसला. चढवायची रीत अशी : मागच्या दारावर जाड रबरी चटई टाकायची, होडीचं पुढचं टोक उचलून तिथे टेकवायचं, मग मागून उचलून पुढे सरकवायची. एका वेळी अर्धाच भार हातावर येतो. पट्टे बकलचे घेतले, रॅचेटचे (दांडा मागेपुढे करून आवळायचे) नाही. रॅचेटने सहज गरजेपेक्षा जास्त आवळ बसतो आणि त्यानेच तळाला पोचा पडतो.

पाण्यावर

पहिल्या दिवशी रॉड नेलाच नाही. छातीभर पाण्यात जाऊन मी त्याला म्हटलं, आता एका बाजूला कलत जा, पडेपर्यंत. तो आधी घाबरत थोडासा कलला. मग जास्त. होडी एका ठिकाणी येऊन टेकल्यासारखी थांबली, त्यापुढे अजून कलली, आणि तो धपकन पाण्यात गेला. वर आला तेव्हा हसत होता. आपली होडी कुठवर साथ देते ते अंगाला एकदा कळलं की मासा ओढताना माणूस आखडत नाही.

मग चढण्याचा सराव. होडीच्या मध्याशी जायचं, पाय मागे लांब करून लाथा मारायच्या, छाती होडीवर घालायची, पोटावर आडवं पडायचं, मग कुशीवर वळून आधी बूड खुर्चीत आणि शेवटी पाय. पहिल्या तीन वेळा तो पलीकडच्या बाजूला पडला. नवव्या वेळी जमलं. बाराव्यापर्यंत करून घेतलं. दमला होता, पण दमलेल्या अंगाने जमणंच उपयोगाचं.

वेग मोबाइलच्या जीपीएसवर मोजला. शांत पाण्यात आरामात 4.6 किलोमीटर ताशी, साडेदहाच्या वाऱ्यात समोरून 2.4. म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अर्धा तास लागतो तिथे वारा समोर असला की तास. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो, हे मोजल्याशिवाय पटत नाही. इथला वारा फुगवट्याकडून मुख्य पाण्याकडे वाहतो, हे त्याचं नशीब चांगलं : सकाळी शांततेत वर जायचं आणि वारा उठला की पाठीशी घेऊन परतायचं. उलट असतं तर मी त्याला वेगळी जागा धरायला सांगितली असती.

पहिल्या सात महिन्यांत तो 31 वेळा गेला. त्यांतल्या एकाच दिवसाबद्दल सांगतो.

दुसऱ्या महिन्यात फुगवट्यात नांगर टाकून बसला होता. दोरी होडीच्या मध्याशी, कडेच्या मुठीला बांधलेली. मी त्याला मध्याशी बांधू नकोस एवढंच म्हणालो होतो, का ते नीट समजावलं नव्हतं. ती चूक माझी. निघताना नांगर बुडालेल्या खोडात अडकला. त्याने कडेवर वाकून जोर लावला. दोरी कडेला ओढत होती, शरीराचा भार त्याच कडेवर, मागून वाऱ्याची झुळूक. होडी कलली आणि तो पाण्यात. जॅकेट अंगावर होतं. सुरी जॅकेटला होती, त्याने आधी दोरी कापली, मग होडी धरली, दुसऱ्या प्रयत्नात चढला. वल्हं दोरीने होडीला बांधलेलं असल्यामुळे राहिलं. एक रॉड, पक्कड आणि नांगर गेला. संध्याकाळी फोन केला तेव्हा आवाज कापत होता. मला त्या रात्री नीट झोप लागली नाही.

पुढच्या सुट्टीला आम्ही अँकर ट्रॉली बसवली. होडीच्या कडेने पुढून मागेपर्यंत दोन छोट्या कप्प्यांवरून (पुलींवरून) फिरणारी दोरीची माळ, तिच्यात एक कडी. नांगराची दोरी त्या कडीतून जाते, आणि बसल्या जागी माळ ओढून कडी टोकाला नेता येते. ओढ टोकाशी आली की होडी वाऱ्याकडे तोंड किंवा पाठ करून स्थिर होते, कडेवर ताण येत नाही. शिवाय नव्या नांगराची दोरी त्याच्या बुडाला पक्की बांधली आणि वरच्या कडीला प्लॅस्टिकच्या पातळ झिप टायने अडकवली. नांगर अडकला आणि जोर लावला की टाय तुटते, ओढ बुडाकडून बसते आणि नांगर उलटा सुटून येतो. दोरीच्या टोकाला छोटा तरंगता गोळा, म्हणजे वेळ आली तर सगळंच सोडून निघता येतं आणि नंतर परत उचलता येतं. हे सगळं मिळून शंभरातला एक भागही लागला नाही.

हंगाम संपताना त्याने फिश फाइंडरचा विषय पुन्हा काढला. आम्ही बेरीज परत मांडली : 102 अधिक अडीच, 104.5. 105 च्या आत अर्धाच किलो उरतो, पण बसतं. बसवला. आमिषांचा दुसरा डबा मागू नकोस एवढं त्याला आधीच सांगून ठेवलं.

सध्या पाणी बरंच खाली गेलंय. परवा त्याने पावलं मोजून कळवली, 312. शेवटच्या साठ पावलांत ट्रॉलीची चाकं रुतत होती, म्हणून विचारत होता. चाकं हवेची आहेत. हवा थोडी कमी कर म्हटलं, चाक पसरतं आणि कमी रुततं. काल सकाळी साडेपाचला त्याचा फोटो आला. चिखलात दोन रुंद, उथळ चाकोऱ्या, आणि त्या जिथे संपतात तिथे पाण्यावर ती फिकी होडी.